मैत्री क्लिनिकची जबाबदारी घेणाऱ्या तरुण डॉक्टरांस

प्रिय डॉक्टर,
सप्रेम नमस्कार.

ग्रामीण रुग्णालयात रुजू होताच मैत्री क्लिनिक तुमच्याकडे आले, हे बरे झाले. 10 ते 19 वर्षांच्या मुलामुलींसाठी ही सोय असली, तरी त्यातली बरीच मुले आपणहून येत नाहीत. त्यांना आणले जाते. आई सांगते, हिचे पोट दुखते, जेवत नाही, अभ्यासात लक्ष नाही. मुलगी ओढणीचे टोक बोटाभोवती गुंडाळत बसते, आणि प्रश्न तिला विचारला तरी उत्तर आईच देते. आईचे म्हणणे पुरते ऐकून घ्या. मग या वयाच्या प्रत्येकाशीच आपण थोडा वेळ एकट्याने बोलतो, असे सांगून त्यांना बाहेर बसवा. ‘प्रत्येकाशी’ म्हटले की संशयाला जागा उरत नाही. सिस्टर मात्र नजरेच्या टप्प्यात असाव्यात.

‘तू सांगशील ते कुणालाही कळणार नाही’ असे वचन चुकूनही देऊ नका. अठराच्या आतील मुलामुलींच्या बाबतीत लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास पोलिसांना कळवणे 2012 च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे, आणि संबंध संमतीने आले असले तरी त्यातून सुटका नाही. म्हणून जिवाला धोका किंवा असे काही असेल तर ते पुढे सांगावे लागेल, पण तुला आधी सांगूनच, हे पहिल्या प्रश्नाआधी स्पष्ट करा. हे ऐकून ती गप्प राहिली तरी चालेल. विश्वासघात झाला, तर ती पुन्हा येणार नाही.

घर, शाळा, मैत्रिणी यांवरून बोलणे नशा आणि संबंधांपर्यंत हळूहळू न्यावे. मरून जावेसे वाटते का, हे मात्र सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत खोटी आहे. उत्तर होकारार्थी आले, तर कसे आणि केव्हा, हेही विचारा, तिला एकटी सोडू नका आणि मानसोपचारतज्ज्ञांशी त्याच दिवशी बोला. शेतकऱ्याच्या घरात फवारणीचे औषध हाताशी असते. ते त्याच दिवशी कुलपात ठेवायला पालकांना सांगा. टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांकही द्या. पूर्वी आत्महत्येचा प्रयत्न झाला असेल, तर पालक पोलीस केसच्या भीतीने तो लपवतात. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असेच गृहीत धरले जाते आणि सहसा तिच्यावर खटला चालत नाही, हे त्यांना समजावून सांगा.

आणखी एक. केसपेपर आईच्या पिशवीतून घरी जातो, तेव्हा त्यावर काय लिहायचे आणि काय फक्त क्लिनिकच्या नोंदीत ठेवायचे, हे लिहिण्याआधी ठरवा.

कळावे.
आपला स्नेहांकित