माझ्या युनिट टेस्ट कोड न बदलता कधी पास तर कधी फेल का होतात?

फेल झाली तेव्हा घड्याळात किती वाजले होते ते बघा आधी. दिवसा पास आणि मध्यरात्रीनंतर फेल असं असेल तर पुढचं वाचा, याच्यावरून मी अख्ख्या टीमसमोर बोलणी खाल्लीत.

बिलिंगचा पायथन कोड होता, ड्यू डेट उलटली की लेट फी लावायची, एवढंच. मला दुसऱ्या प्रोजेक्टचे अमेरिकेचे कॉल असायचे म्हणून रात्री जागा मी एकटाच. बारा वाजून गेले की टेस्ट लाल (म्हणजे फेल), फी यायला हवी तिथे शून्य. सकाळी टीम लीड चालवणार तर हिरवी, सीआय सर्व्हरवर (जिथे टेस्ट आपोआप चालतात) पण हिरवी, मग काय, "तुझ्याच लॅपटॉपला बरं होतं रे सगळं!"

एका रात्री हट्टालाच पेटलो. पहाटे ५:२५ ला फेल, ५:३१ ला पास, मध्ये फक्त चहा झाला. तेव्हा ट्यूब पेटली, साडेपाच तास! कोडमध्ये तारीख यूटीसीनाऊ वरून काढलेली, म्हणजे यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेची, जी आपल्या साडेपाच तास मागे असते, आणि टेस्टमध्ये डेट डॉट टुडे वरून, म्हणजे लॅपटॉपच्या घड्याळाची. आपल्याकडे १४ तारीख लागली तरी यूटीसीत पहाटे साडेपाचपर्यंत १३च असते. सर्व्हरचं घड्याळच यूटीसीवर, तिथे दोन्ही तारखा सारख्याच, तिथे बापजन्मी फेल होणार नाही.

म्हणजे टेस्ट खरं बोलत होती, ड्यू डेट उलटल्यावर लगेच, मध्यरात्र ते पहाटे साडेपाच यात पैसे भरणाऱ्याला आम्ही फी लावतच नव्हतो. आणि मी हे सांगेपर्यंत लीडसाहेबांनी टेस्टवर स्किप मारून ठेवलेला, म्हणजे ती चालणारच नाही, वर "फ्लेकी आहे" (उगाच कधी पास कधी फेल होते) अशी कमेंट. फ्लेकी म्हणे!

उपाय साधा आहे. फंक्शनने स्वतः घड्याळ बघायचंच नाही, 'आत्ता'ची वेळ बाहेरून आर्ग्युमेंट म्हणून द्यायची आणि टेस्टमध्ये ठरवून रात्री १२:३० ची द्यायची, टाइमझोनसकट. जुन्या कोडला हात लावता येत नसेल तर फ्रीझगन वापरा, ही पायथन लायब्ररी टेस्टपुरतं घड्याळ ठरवलेल्या वेळेवर थांबवते.

वेळेचा संबंध नसेल तर ती टेस्ट एकटीच चालवून बघा. एकटी पास आणि सगळ्यांबरोबर फेल, म्हणजे आधीच्या कुठल्यातरी टेस्टने ग्लोबल लिस्ट नाहीतर डेटाबेस घाण करून ठेवलाय. आणि पॅच करताना, म्हणजे टेस्टपुरतं खऱ्या फंक्शनच्या जागी खोटं (मॉक) बसवताना, फंक्शन जिथे इंपोर्ट करून वापरलंय तिथलं नाव पॅच करा, जिथे लिहिलंय तिथलं नाही, नाहीतर मॉक बाजूला राहतो आणि खरी एपीआय कॉल होते, ती चालू असेल तेव्हा पास, नसेल तेव्हा फेल.

री-रन, म्हणजे फेल झालेली टेस्ट आपोआप पुन्हा चालवणं, अगदीच वाईट असं नाही म्हणत, खऱ्या नेटवर्कवरच्या इंटिग्रेशन टेस्टला एखादा ठीक आहे. पण तारखांची वजाबाकी करणाऱ्या टेस्टला तीन-तीन री-रन लावणारा लीड भेटला तर त्याला एकदा रात्री एक वाजता लॅपटॉप उघडायला सांगा.