वर्षभर स्कॉटलंडच्या विशेष शाळेत: नोकरी सोडून जावं का?

प्रश्न: मी 31 वर्षांची आहे, अविवाहित. खासगी कंपनीत महिना 1 लाख 20 हजार पगार आहे. गेली काही वर्षं सुट्टीच्या दिवशी स्वमग्न मुलांच्या केंद्रात मदतीला जाते. पुढच्या ऑगस्टपासून वर्षभरासाठी स्कॉटलंडमधल्या एका निवासी विशेष शाळेनं स्वयंसेवक म्हणून बोलावलं आहे. राहणं, जेवण आणि थोडा हातखर्च मिळेल, पगार नाही. कंपनी इतकी रजा देत नाही, म्हणजे राजीनामाच. स्वतःच्या फ्लॅटचा हप्ता 22 हजार, आईवडिलांना 15 हजार देते. एफडीत साडेसात लाख, म्युच्युअल फंडात पाच लाख, पीएफमध्ये सहा लाख आहेत. दरमहा 30 हजार शिल्लक पडतात. भाऊ म्हणतो, नोकरी कशाला सोडतेस? परदेशात स्वयंसेवेला नेणाऱ्या एजन्सीचा सहा आठवड्यांचा कार्यक्रम आहे, सव्वादोन लाख फी, तिकडे जा. काय करू?

उत्तर: आधी भावाचा पर्याय बाजूला काढू. सव्वादोन लाख फी, वर विमानाचं तिकीट, आणि त्या पैशातलं शाळेपर्यंत किती पोचतं हे तुम्हाला कळणारही नाही. पैशापेक्षा मोठी अडचण मुलांची आहे, आणि ती तुम्ही माझ्यापेक्षा चांगली जाणता. स्वमग्न मुलाला नव्या माणसाची सवय व्हायलाच कित्येक आठवडे जातात. ती होते न होते तोच तुम्ही बॅग भरणार. अशा कामाला वर्षभर राहणारं माणूस लागतं. स्कॉटलंडमध्ये ही पद्धत जुनी आहे. कार्ल क्यॉनिग हे बालरोगतज्ज्ञ नाझींच्या ताब्यातल्या व्हिएन्नातून निसटून आले आणि 1940 मध्ये अ‍ॅबर्डीनजवळ त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅम्पहिल हे विशेष मुलांचं निवासी केंद्र सुरू केलं. मुलं आणि त्यांची काळजी घेणारी माणसं एकाच घरात राहतात, हा त्याचा पाया. वर्षभर राहण्याच्या बदल्यात निवास, जेवण आणि हातखर्च ही रीत अशा संस्थांमध्ये रुळलेली आहे. तेव्हा तुम्हाला आलेलं बोलावणं मला कामाच्या दृष्टीनं योग्य वाटतं. प्रश्न उरतो तो तुम्हाला ते झेपतं का, एवढाच.

तिथला खर्च मोजायला सोपा आहे. अशा कामासाठी ब्रिटनचा चॅरिटी वर्कर व्हिसा लागतो. त्याची अर्जाची फी एप्रिल 2025 मध्ये 319 पौंड झाली. शिवाय आरोग्य सरचार्ज वर्षाला 1,035 पौंड, तोही अर्ज करतानाच भरायचा. व्हिसा नाकारला गेला तर सरचार्ज परत येतो, फी येत नाही. खात्यात सलग 28 दिवस 1,270 पौंड दाखवावे लागतात. मात्र शाळेनं व्हिसासाठी द्यायच्या प्रायोजकत्वाच्या प्रमाणपत्रात तुमच्या निर्वाहाची हमी दिली, तर ही अट सुटते. शाळेला आजच विचारा: ही हमी देणार का, आणि व्हिसा व तिकिटाचा काही भाग उचलणार का? उत्तर लेखी घ्या. क्षयरोगाची तपासणी इथेच करून जावं लागतं. मुलांसोबत काम करायचं म्हणून तिथली पीव्हीजी, म्हणजे पूर्वीच्या गुन्ह्यांची नोंद तपासणारी, पडताळणी बंधनकारक आहे, पण पात्र स्वयंसेवी संस्थांच्या स्वयंसेवकांना तिची फी पडत नाही. सरचार्ज भरला की सरकारी दवाखाना खुला, आणि स्कॉटलंडमध्ये डॉक्टरनं लिहून दिलेल्या औषधांचे पैसेही घेत नाहीत. दातांच्या उपचारांचे घेतात, म्हणून दातांचं जे काही राहिलं असेल ते निघण्यापूर्वी उरका. व्हिसा, सरचार्ज, येण्याजाण्याचं तिकीट, तपासण्या, थंडीचे कपडे मिळून मी तीन लाख धरतो. हातखर्च हिशोबात घेऊ नका. तो फोन, बस आणि सुट्टीच्या दिवसात संपेल.

खरा खर्च इथे मागे राहतो. हप्ता आणि आईवडिलांचे पैसे मिळून महिना 37 हजार, बारा महिन्यांचे 4 लाख 44 हजार. परत आल्यावर नोकरी पहिल्या दिवशी मिळत नाही. चार महिने धरा. हप्ता आणि आईवडिलांसकट तुमचा तेव्हाचा खर्च महिना 70 हजार गृहीत धरला तर 2 लाख 80 हजार. विम्याच्या हप्त्यांना साठ हजार. तिथले तीन लाख मिळवले की बेरीज 10 लाख 84 हजार होते. लोक तिकीट आणि व्हिसाची तजवीज करून निघतात आणि परतल्यानंतरच्या या चार महिन्यांत क्रेडिट कार्डावर येतात. माझ्या मते तुमचा निर्णय याच रकमेवर ठरतो.

तुमच्याकडे एफडीत साडेसात लाख आहेत. ऑगस्टला नऊ महिने आहेत. तोवर फंडातली मासिक गुंतवणूक (एसआयपी) थांबवून सगळे 30 हजार एफडीत टाकले तर 2 लाख 70 हजार वाढतील, म्हणजे 10 लाख 20 हजार. कमी पडतात 64 हजार. ते फंडातून काढा, त्याहून जास्त नको. पीएफला हात लावू नका. भरणा थांबला तरी व्याज सुरू राहतं, आणि सलग पाच वर्षं नोकरी झालेली नसताना पैसे काढले तर त्यावर कर बसतो. वैयक्तिक कर्ज काढून जायची वेळ आली तर जाऊच नका, असं मी स्पष्ट सांगेन.

फ्लॅट रिकामा ठेवण्याचा विचार असेल तर तो सोडा. अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्स करारावर द्या, तुमचं वर्ष जवळजवळ त्यात निघतं. भाडं मी वरच्या बेरजेत मुद्दाम धरलेलं नाही. येईल ते परतीच्या चार महिन्यांसाठी राखून ठेवा.

कराच्या बाजूनं ऑगस्ट ही तुमच्यासाठी फारच चांगली वेळ आहे. एप्रिल ते मार्च अशी गेला असतात आणि परतताच नोकरी मिळाली असती, तर एका आर्थिक वर्षी पूर्ण 14 लाख 40 हजार पगारावर कर पडला असता आणि दुसऱ्या वर्षीची सवलत वाया गेली असती. ऑगस्टला निघाल्यानं पगार दोन आर्थिक वर्षांत विभागला जातो. नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर रिबेट असल्यानं दोन्ही वर्षी पगारावरचा कर जवळजवळ शून्यावर येतो. कंपनीनं पूर्ण वर्षाचा अंदाज धरून टीडीएस कापला असेल, तर विवरणपत्र भरून तो परत मिळवा. भरायची मुदत येईल तेव्हा तुम्ही तिकडे असाल. ऑनलाइन भरता येतं, फक्त ओटीपीसाठी इथला मोबाइल नंबर चालू ठेवा.

आता दोन गोष्टी, ज्यांचा तुम्ही पत्रात उल्लेख केलेला नाही. आईवडील कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आहेत का? असतील तर राजीनाम्याबरोबर त्यांचं संरक्षण संपतं, तेही तुम्ही हजारो मैल दूर असताना. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते, आणि तसं केलं तर प्रतीक्षा काळ पुन्हा पहिल्यापासून मोजला जात नाही. त्यासाठी अर्ज पॉलिसी संपण्याच्या बऱ्याच आधी करावा लागतो. एचआरला याच आठवड्यात विचारा. तुमची टर्म पॉलिसी असेल तर परदेशी जाणार असल्याचं त्यांनाही कळवा.

दुसरी गोष्ट तुमच्या मनातली. हे वर्ष म्हणजे विशेष शिक्षिका होण्याची पहिली पायरी, असा विचार असेल तर थांबा. भारतात त्यासाठी पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि नोंदणी लागते. परदेशातल्या स्वयंसेवेनं ती मिळत नाही. हा व्हिसाही जास्तीत जास्त बारा महिन्यांचा, त्यावर तिथे कायमची नोकरी धरता येत नाही. पेशा बदलायचा असेल तर हेच अकरा लाख आधी अभ्यासक्रमावर खर्च करा, असं मी म्हणेन. पण हे एक वर्ष या मुलांसोबत काढायचं आहे आणि मग आपल्या कामाला परतायचं आहे, एवढीच इच्छा असेल तर तीही पुरेशी आहे. तिला करिअरचं कारण चिकटवायची गरज नाही.

एक आकडा मात्र डोळ्यांखालून घाला. या वर्षात तुमची 3 लाख 60 हजारांची बचत आणि पीएफचे दोन्हीकडचे मिळून सुमारे 1 लाख 90 हजार बुडतील. साडेपाच लाख 8 टक्क्यांनी 27 वर्षं वाढले असते तर तुमच्या 58 व्या वर्षी 44 लाख झाले असते. महागाई 5 टक्के धरली तर आजच्या मोलानं बारा लाखांच्या आतबाहेर. परतल्यावर पाच-सहा वर्षं बचत थोडी वाढवून हा खड्डा भरता येतो. तुमचं वय त्याला साथ देतं. तो भरायची तयारी आहे का, हे निघण्याआधी स्वतःला विचारा. असेल, तर माझं उत्तर हो आहे.

राजीनामा मात्र घाईनं देऊ नका. काम सुरू होण्याच्या तारखेआधी तीन महिन्यांपर्यंत व्हिसाचा अर्ज करता येतो आणि बहुधा तीन आठवड्यांत निर्णय लागतो. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात अर्ज केलात तर जूनच्या मध्यापर्यंत कळेल. नोटिस दोन महिन्यांची असेल तर व्हिसा हातात आल्यावर राजीनामा दिला तरी ऑगस्टचा मध्य गाठता येतो. नोटिस तीन महिन्यांची असेल तर शाळेकडून सप्टेंबरची तारीख मागून घ्या.