घटस्फोट झालाय, चर्चमध्ये पुन्हा लग्न करता येईल का?

प्रश्न: आम्ही दोघं कॅथलिक, लग्न चर्चमध्येच झालं. चार वर्षांनी नवऱ्याचे दुसऱ्या बाईशी संबंध उघड झाले. कोर्टातून घटस्फोट घेतला. आता पुन्हा लग्न करायचंय, पण फादर म्हणतात, आधी चर्चचा निकाल आणा. नवरा सहकार्य करणार नाही. पहिलं लग्न शून्य ठरलं तर माझी मुलगी अनौरस ठरेल? ता. क. 'लग्न घरच्यांसाठी करतोय, तिला सोडणार नाही,' असं तो लग्नाआधी धाकट्या भावाला म्हणाला होता.

उत्तर: ताई, आधी मुलीचं. ती औरसच राहील. कॅनन कायद्याचं, म्हणजे कॅथलिक चर्चच्या स्वतःच्या कायद्याचं, कलम 1137 तसं स्पष्ट सांगतं. ही भीती मनातून काढून टाका.

फादरांचं म्हणणं बरोबर आहे. कोर्टाने सरकारी कायद्यापुरतं लग्न संपवलं, चर्चच्या लेखी ते अजून वैध आहे. धर्मप्रांताचं, म्हणजे बिशपांच्या अखत्यारीतलं, न्यायालय ते मोडत नाही. लग्न लागताना दिलेली संमती खरी होती का, एवढंच पाहतं. त्यामुळे पुढे उघड झालेला व्यभिचार एवढ्यावर अर्ज टिकणार नाही. तुमचं खरं प्रकरण त्या ता. क.मध्ये आहे. शपथ घेतानाच एकनिष्ठ राहायचं नाही असं त्याने मनाशी ठरवलं असेल, तर कलम 1101 प्रमाणे ती संमतीच अवैध ठरते. मात्र ते सिद्ध करावं लागेल. त्या काळातले मेसेज, पत्रं, जे असेल ते जपून ठेवा.

नवऱ्याच्या सहीवाचून अर्ज अडत नाही. त्याला कळवावं लागतं, बोलायची संधी द्यावी लागते. तो आला नाही तरी खटला चालतो. फक्त बिशपांपुढची जलद प्रक्रिया त्याच्या संमतीशिवाय मिळणार नाही. विवाहबंधनाच्या बाजूने बोलणारा एक अधिकारी प्रत्येक खटल्यात असतो. त्याचे प्रश्न बोचतील, पण तो तुमचा शत्रू नव्हे. पोप फ्रान्सिस यांनी 2015 मध्ये केलेल्या सुधारणेनंतर दुसऱ्या न्यायालयाची पुष्टी अनिवार्य राहिलेली नाही. 15 दिवसांच्या मुदतीत अपील झालं नाही, तर पहिलाच निकाल पुरतो.

निकालाआधी लग्नाची तारीख धरू नका, नोंदणी विवाहही उरकू नका. केवळ घटस्फोट झाला म्हणून ख्रिस्तप्रसाद (मिस्सेतलं कम्युनियन) बंद होत नाही, हेही पुष्कळांना माहीत नसतं.

अर्ज करण्याआधी दिराला भेटा आणि साक्ष द्याल का, एवढंच विचारा. काय बोलायचं ते पढवू नका. त्याला आठवतं तसंच सांगू द्या.