साखळीतील बरोबरी आणि गुणांचा हिशेब

प्रश्न : माझी मुलगी सोलापुरातील एका महाविद्यालयाच्या बास्केटबॉल संघातून खेळते. यंदा साखळीत तिच्या संघाने चारपैकी दोन सामने गमावले. दुसऱ्या एका संघाचेही तसेच झाले, तरी पुढच्या फेरीत तोच गेला. हे कसे ठरते?
– एक पालक, जुळे सोलापूर

उत्तर : आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, म्हणजे ‘फिबा’च्या नियमांनुसार विजयाला 2 गुण, पराभवाला 1 आणि संघ मैदानात न उतरल्यास 0 गुण मिळतात, त्यामुळे दोन्ही संघांचे 6 गुण झाले. बरोबरी फक्त दोघांत असेल, तर त्या दोघांच्या आपापसातील सामन्याचा निकालच निर्णायक ठरतो. तीन संघ अडकल्यास त्या तिघांच्या परस्पर लढती पाहतात आणि तेथेही समानता राहिल्यास त्याच लढतींतील बास्केटांच्या गुणांचा फरक मोजतात. म्हणूनच सामना हातचा गेल्यावरही शेवटच्या मिनिटाला केलेली एक बास्केट वाया जात नाही, हे मुलींना आवर्जून सांगावे.

हंगामाची खरी ओळख मात्र सामन्याच्या गुणपत्रिकेत (स्कोअरशीटमध्ये) सापडते, असे मला मनापासून वाटते. पराभूत संघाला मिळणारी तिची पिवळी प्रत जपून ठेवा आणि प्रत्येक 10 मिनिटांच्या सत्रातील सांघिक फाउल, म्हणजे संघातील सर्व खेळाडूंचे मिळून झालेले फाउल, मोजा, कारण एका सत्रात चार फाउल झाले की पाचव्यापासून बचावातील फाउलवर प्रतिस्पर्ध्यांना दोन फ्री थ्रो (बास्केटवर बिनअडथळा फेकी) मिळतात. थोड्या फरकाने गेलेले सामने पुष्कळदा तिथेच निसटलेले असतात.