‘आकसबुद्धीने तक्रार केली’ म्हणजे नेमकं काय केलं?

प्रश्न : नमस्कार मॅडम. आम्ही ऐरोलीला राहतो. आमच्या बाथरूमच्या छतातून पाणी झिरपतं, प्लास्टरचे पोपडे पडायला लागलेत. वरच्या मजल्यावरच्यांना तोंडी सांगून झालं, मग सोसायटीच्या कमिटीकडे लेखी तक्रार दिली. त्यावर त्यांनी कमिटीला लिहून दिलं, ‘सदर तक्रार आकसबुद्धीने व हेतुपुरस्सर केलेली आहे.’ मुलगा म्हणतो, आकस म्हणजे राग, एवढं काय मनावर घेतेस. मला मात्र ते वाक्य फार लागलं. आकस, द्वेष, खुन्नस हे सगळं एकच का? आणि अशा पत्राला उत्तर काय द्यावं?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : ताई, तुम्हाला लागलं ते योग्यच आहे. आकस म्हणजे राग नव्हे. राग येतो आणि जातो. ‘मला आकस आला’ असं मराठीत कुणी म्हणत नाही. आकस धरतात, बाळगतात, मनात ठेवतात. मागे काहीतरी घडलेलं असतं, ते विसरायचं नाही असं माणसानं ठरवलेलं असतं, आणि संधी मिळताच समोरच्याचं वाईट व्हावं अशी त्याची इच्छा असते. ‘आकसापोटी’ या एका शब्दात हे सगळं येतं. शिवाय हा शब्द माणूस स्वतःबद्दल जवळजवळ कधीच वापरत नाही. तो नेहमी दुसऱ्यावर केलेला आरोप असतो. म्हणून तो लिहिताना हात जरा थांबला पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

ठाण्याच्या न्यायालयात मी मराठी लघुलेखक होते. उलटतपासणी संपत आली की वकिलाच्या शेवटच्या प्रश्नावर साक्षीदाराचं एक उत्तर हमखास टंकावं लागे : ‘असे म्हणणे खरे नाही की, मी आरोपीविरुद्ध आकसापोटी खोटी साक्ष देत आहे.’ साक्षीदार नाकारणार हे सगळ्यांनाच ठाऊक असायचं. पण चांगला वकील या प्रश्नाआधी पाया रचायचा. भिवंडीकडच्या गावांतला खटला असेल तर बांधावरून झालेली भांडणं, वीटभट्टीच्या जागेचा वाद, ग्रामपंचायतीची निवडणूक, मोडलेली सोयरीक, सगळं साल-महिन्यासकट विचारून घ्यायचा. मग त्या शेवटच्या प्रश्नाला वजन यायचं. ज्यानं आधी काहीच विचारलेलं नाही, त्याचा आकसाचा प्रश्न म्हणजे नुसती एक ओळ. तुमच्या शेजाऱ्यांनी पत्रात तेवढंच केलंय. आरोप लिहिला आणि कारण सांगितलंच नाही.

आता तुमच्या मुलासाठी. त्याच्या पिढीच्या तोंडी असलेली खुन्नस ही दाखवायची गोष्ट आहे. नाक्यावर दोन पोरं एकमेकांना खुन्नस देतात ती समोरच्याला कळावी म्हणूनच. आकस लपवलेला असतो. त्याच्यावर कायद्याचं, नियमाचं किंवा काळजीचं पांघरूण असतं. द्वेषाला निमित्त लागतंच असं नाही. ज्याला आपण कधी भेटलोही नाही अशा माणसाचा, अख्ख्या समाजाचाही द्वेष करता येतो. आकस मात्र ओळखीतल्या माणसावरच धरला जातो. बातम्यांत ‘पूर्ववैमनस्यातून मारहाण’ असं येतं, तिथे वैर सहसा दोन्हीकडून असतं. आकस एकतर्फी असू शकतो, समोरच्याला त्याचा पत्ताही नसतो. डूख धरणं त्याहून जहरी. तो शब्द आपण सापाबद्दल वापरतो, तेवढ्यावरून काय ते समजावं.

असूया हा शब्दही लोक आकसाच्या जागी ठोकून देतात. अमरकोशानं तिची फार नेमकी व्याख्या केली आहे : ‘असूया तु दोषारोपो गुणेष्वपि’. गुणांवरसुद्धा दोष चिकटवणं म्हणजे असूया. शेजारच्या मुलीला नोकरी लागली की ‘वशिला असणार’ असं म्हणतात, ती असूया. अत्री ऋषींच्या पत्नीचं नाव अनसूया, ते याच्या उलट. तुमच्या प्रकरणात असूयेचा संबंध नाही, पण शब्द इतका सुंदर घडलेला आहे की सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

‘हेतुपुरस्सर’ म्हणजे ठरवून, जाणूनबुजून. तुम्ही तक्रार हेतुपुरस्सरच केलीत, छत दुरुस्त व्हावं हा तुमचा हेतू होता. त्यात लाजण्यासारखं काही नाही. ठरवून करणं वेगळं आणि वाईट चिंतून करणं वेगळं. ‘व’ लावून दोन्ही एकत्र बांधले की साधी गोष्टही काळी दिसायला लागते.

कायद्यानंही आकस गंभीर मानला आहे. हरियाणा राज्य विरुद्ध भजनलाल या १९९० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं फौजदारी कारवाई रद्द करता येण्याचे सात प्रकार सांगितले. त्यातला शेवटचा, खासगी वैरातून सूड उगवण्यासाठी केलेल्या कारवाईचा. पण त्याआधी, १९८६ साली, शिवनंदन पासवान प्रकरणात याच न्यायालयानं म्हटलं होतं की पुरावा पुरेसा असेल तर तक्रार करणाऱ्याच्या मनात वैर होतं एवढ्यानं खटला बाद होत नाही. ते फौजदारी खटले आणि तुमचं बाथरूमचं छत, यात अंतर आहे हे मान्य. तरी तर्क तुमच्या कामाचा आहे. उद्या तुमच्या मनात खरोखर आकस निघाला, तरी छताची ओल खोटी ठरत नाही.

म्हणून उत्तरात ‘आकस तुमच्याच मनात आहे’ असं लिहू नका. राग कितीही आला तरी नको. त्यानं विषय छतावरून मनांवर जाईल, आणि मनं कमिटीला तपासता येत नाहीत. मी एवढंच लिहिलं असतं :

‘आमच्या तक्रारीमागे आकस असल्याचे आपण लिहिले आहे. यापूर्वी आपल्या दोन कुटुंबांत कोणता वाद झाला व केव्हा झाला, हे कळवावे. आमची तक्रार छतातील गळतीबद्दल आहे. कमिटीच्या उपस्थितीत प्लंबरकडून दोन्ही घरांची पाहणी करून घ्यावी. आम्ही त्यास तयार आहोत.’

हे पत्र कमिटीच्या सेक्रेटरींच्या नावे द्या, एक प्रत वरच्या मजल्यावर द्या. छताचे फोटो तारीख घालून जोडा आणि तुमच्या प्रतीवर पोच म्हणून सही-शिक्का घ्या.