अंथरुणाला खिळलेला जोडीदार : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : पाच महिन्यांपूर्वी यजमानांना अर्धांगवायूचा झटका आला. वय ७३. उजवी बाजू लुळी आहे, बोलणं अडखळतं, पण समजतं सगळं. रात्री कूस बदलायला चार-चारदा उठून माझी पाठ धरली आहे. पेन्शन त्यांच्या एकट्याच्या खात्यात आणि सही होत नाही. मदत कुठे मागू?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : आधी पैशांचं बघा, ते लवकर सुटतं. सही न करता येणाऱ्या आजारी खातेदाराचा अंगठा चालतो. हाताचा जमत नसेल तर पायाचाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार त्याला बँकेच्या ओळखीचे दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. पैसे कोण घेऊन जाणार, हेही खातेदाराला ठरवता येतं. सत्तरीपुढच्यांसाठी घरपोच सेवेची तरतूद आहे. शाखेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. त्यांना समजतंय तोवरच खात्यावर तुमचंही नाव लावून घ्या. मुखत्यारपत्राच्या भरवशावर राहू नका. आकलन गेलं की ते निरुपयोगी ठरतं आणि त्यांच्यासाठी कायदेशीर पालक नेमून घ्यायला कोर्टात जावं लागतं. एटीएमचा पिन ठाऊक आहे म्हणून बरीच घरं हे टाळतात. कार्डाची मुदत संपली की अडतं.

आता रात्र. रुग्णोपयोगी साहित्य केंद्रात अनामत भरून एअरबेड, कमोडची खुर्ची, व्हीलचेअर मिळते. नेण्याआधी पंप तिथेच लावून गादीचे कप्पे आलटून पालटून फुगतात का, ते बघा. वर एकच चादर, तीही सैल. गोधडी घातली की एअरबेडचा उपयोग संपला. एअरबेड असला तरी कूस बदलावीच लागते, साधारणपणे दर दोन तासांनी. त्वचा चांगली असेल तर रात्रीचं अंतर वाढवता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. पोटरीखाली उशी ठेवून टाचा अधांतरी ठेवा. दाबूनही न फिकटणारा लाल डाग दिसला, तर ती बेडसोरची, म्हणजे पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, सुरुवात. तिथे चोळू नका, त्या कुशीवर ठेवू नका.

सरकवताना लुळा हात कधीच ओढू नका, खांदा निखळतो. अंगाखाली खांद्यांपासून मांड्यांपर्यंत दुमडलेली चादर घाला आणि दोघांनी दोन बाजूंनी धरून सरकवा. पलंग तुमच्या कमरेइतका उंच हवा. पाठ बहुधा ठेंगण्या पलंगानेच धरली असेल.

नातेवाईक ‘काही लागलं तर सांगा’ म्हणतात, तेव्हा वेळच सांगा : शनिवारी रात्री दहा ते सकाळी सहा. ब्युरोकडून बाई ठेवलीत, तर डायपर आणि कूस बदलणं कामात धरलंय का, हे आधीच ठरवा. मन फारच खचलं तर १४४१६ या टेलि-मानस (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येतं, मराठीतूनही.

प्रश्न : पत्नीच्या कर्करोगावरचे उपचार थांबवले आहेत. वेदनांसाठी मॉर्फिनच्या गोळ्या आहेत, पण ती बद्धकोष्ठतेला घाबरून घेत नाही.
— एक वाचक, पुणे

उत्तर : मॉर्फिनबरोबर रेचक पहिल्या दिवसापासूनच लागतं. ते लिहून दिलं नसेल तर आजच मागा. पुण्यात वारज्याला सिप्लाचं उपशामक, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या उपचारांचं, केंद्र आहे. तिथे कर्करुग्णांची शुश्रूषा मोफत होते आणि घरच्यांना सोबत राहून काळजी घ्यायला शिकवलं जातं. शेवटच्या आठवड्याची वाट न बघता आताच जा.