इनॅमलच्या भांड्याचा टवका उडाला तर?

प्रश्न: घरात इनॅमलचं जुनं पातेलं आहे, बाहेरून लाल, आतून पांढरं. आत तळाला नखाएवढा टवका उडालाय आणि तिथे काळं दिसतं. स्वयंपाकाला वापरलं तर चालेल का?

उत्तर: स्वयंपाकाला नको. ते काळं म्हणजे बहुतेक खालचं अस्तर. पत्र्यावर पांढरा थर थेट नीट धरत नाही म्हणून आधी कोबाल्ट, निकेल असलेला गडद थर देतात, मग वरून पांढरा किंवा रंगीत. पार पत्रा उघडा पडला असेल तर तिथे गंज धरेल, पण गंजाचं मी एवढं मनावर घेत नाही, शेवटी लोखंडच ते. खरी भानगड काचेची आहे, कारण हा मुलामा म्हणजे काचेची पूड साधारण 800 अंशांवर भाजून पत्र्याला चिकटवलेली असते आणि एकदा कड फुटली की तिथून बारीक कपच्या सुटत राहतात, डाव फिरवला की अजून सुटतात, आणि जातात कुठे तर आपल्याच पोटात. टवका बाहेरच्या बाजूला असता तर वापरा म्हटलं असतं. जुन्या लाल, पिवळ्या, केशरी इनॅमलमध्ये कॅडमियम हा विषारी धातू असू शकतो, जुन्या मुलाम्यात कधीकधी शिसंही, त्यामुळे आतून रंगीत असलेलं जुनं भांडं असेल तर टवका नसला तरी त्यात आंबट काही शिजवू नका. तुमचं पातेलं कपड्यांचे चिमटे ठेवायला झकास आहे. कुंडी करायची असेल तर मात्र भोक पाडताना अजून टवके उडणार हे धरून चाला.

प्रश्न: नवीन इनॅमलचं भांडं घेतलंय. टवके उडू नयेत म्हणून काय करू? आणि इंडक्शनवर चालतं का?

उत्तर: चालतं, आत लोखंड आहे ना, फक्त तळ सपाट हवा. मायक्रोवेव्हमध्ये अजिबात नाही. टवक्यांचं म्हणाल तर काच आणि लोखंड तापल्यावर सारखे फुगत नाहीत, म्हणून तापलेलं भांडं लगेच नळाखाली धरलं की मुलामा तडकतो. रिकामं भांडं मोठ्या आचेवर विसरलात तरी तेच. डाव काठावर ठकठक आपटायची सवय सगळ्यांनाच असते, ती सोडा. तळ करपला तर तारेची घासणी नको, पाण्यात खायचा सोडा घालून उकळा, गार होऊ द्या, मग लाकडी उलथन्याने खरवडा, निघतं.